हिरवा त्रिकोण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की शहराबाहेरच्या पथाऱ्या लाल होऊन जातात. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, ती मिरची पथारीवर उन्हात पसरली जाते आणि बायका सकाळपासून निवडायला, देठ खुडायला बसतात. रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. पण ही मिरची पथारीवर येण्याआधी शेतात तिच्यावर बरंच काही गुदरून गेलेलं असतं. फळ कुजतं, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, पानांवर भुरी चढते. चार दिवस सलग ढगाळ हवा राहिली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग तो दुकान गाठतो आणि बुरशीनाशक घेऊन येतो.

त्या बुरशीनाशकाच्या पुड्यावर एक छोटी खूण असते. आज मला बोलायचं आहे ते त्या खुणेबद्दल, आणि तिच्याबाबत माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

शेतीसल्ल्याच्या कामानिमित्त मी या जिल्ह्यात बरीच वर्षं फिरलो. शहादा तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी पारावर सभा होती. मिरची, पपई, कापूस करणारी माणसं जमली होती. औषधांच्या डब्यांवर रंगीत त्रिकोण का असतो, हे मी समजावून सांगत होतो. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, "लाल दिसला की सांभाळून. हिरवा दिसला की काळजीचं कारण नाही." लोकांना ते पटकन समजलं. सोपं बोललो म्हणून मलाही बरं वाटलं.

पुढच्या हंगामात त्याच गावात एका मिरचीच्या शेताच्या बांधावर गेलो. फवारणी चालू होती. दोघे जण पाठीवर पंप घेऊन सरीत होते आणि बांधावर एक बाई ड्रममध्ये औषध कालवत होती. पिवळी पावडर होती, मॅन्कोझेबची. ती पुडा दातानं फाडायची, पावडर पाण्यात ओतायची आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली होती, खाजवून खाजवून लाल झाली होती. ती गरोदर होती, हेही दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, काठीनं ढवळा की! हात का घालता?" ती हसून म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्हीच तर सांगितलं होतं, हिरवं आहे म्हणून."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. त्या रात्री मी लेबल आणि माहितीपत्रक घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की, त्रिकोण मी दुसऱ्याला शिकवत होतो खरा, पण तो मला स्वतःलाच अर्धा कळला होता.

तर मंडळी, हा त्रिकोण नेमकं काय सांगतो ते आधी पाहू. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत गव्हाच्या पिठात मिसळलं गेलं आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर झालेल्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम आले. नाव कीटकनाशक कायदा असलं, तरी बुरशीनाशकं आणि तणनाशकंही त्यातच येतात. या नियमांप्रमाणे प्रत्येक वेष्टनावर एक चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या अर्ध्या भागात इशारा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळावा, हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे.

रंग चार आहेत. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी आणि दोन हाडं असतात. पिवळा म्हणजे खूप विषारी. निळा म्हणजे मध्यम. त्यावर 'धोका' असा इशारा असतो. हिरवा म्हणजे कमी विषारी. त्यावर 'सावधान' अशा अर्थाचा शब्द असतो. म्हणजे पाहा, हिरव्या त्रिकोणावरसुद्धा 'सावधान' लिहिलेलंच आहे. मी नेमका तोच शब्द गिळला होता.

हे रंग ठरतात कसे? प्रयोगशाळेत उंदरांना औषध पोटातून दिलं जातं. ज्या मात्रेला निम्मे उंदीर मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, हे मोजतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि ५,००० च्या वर हिरवा. कातडीवर लावून मोजण्याचे आकडे वेगळे आहेत, पण रीत तीच. पन्नास किलोच्या शरीराचा नुसता हिशेब मांडला तर लाल त्रिकोणाच्या औषधाची मात्रा फार तर अडीच ग्रॅम येते, म्हणजे अर्धा चमचाही नाही. हिरव्याची येते पाव किलोच्या वर. हा फरक फार मोठा आहे आणि तो लक्षात ठेवायलाच हवा.

पण श्रोतेहो, यात प्रश्न एकच विचारलेला आहे. एकदम पोटात गेलं किंवा अंगावर पडलं तर जीव जायला किती लागेल? दर आठवड्याला थोडं थोडं हाताला लागत राहिलं तर काय होईल, गर्भावर काय परिणाम होईल, कातडीला वावडं येईल का, हे प्रश्न त्या रंगाला विचारलेलेच नाहीत. मग त्यांची उत्तरं त्यात कुठून सापडणार?

हे किती महाग पडू शकतं याचं उदाहरण तुर्कस्तानात घडलं आहे. १९५० च्या दशकात तिथे गव्हाच्या बियाण्याला काणी रोगाविरुद्ध हेक्झाक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक लावून देत. देशाच्या आग्नेय भागातल्या गरीब कुटुंबांनी ते बियाणं पेरण्याऐवजी दळून खाल्लं. १९५५ ते १९५९ या काळात सुमारे तीन ते चार हजार माणसं आजारी पडली. उन्हात गेलं की कातडीवर फोड यायचे, त्यांचे व्रण राहायचे, अंगावर आणि चेहऱ्यावर केस वाढायचे. अंगावर पिणारी तान्ही बाळं आईच्या दुधातून आलेल्या विषानं दगावली. आणि या औषधाची उंदरांवरची मारक मात्रा किती होती? किलोला १०,००० मिलिग्रॅम. आपल्या तक्त्यात ते हिरव्यात बसलं असतं! जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मात्र त्याला सर्वांत घातक गटात ठेवलं आहे, कारण माणसांचं काय झालं ते जगानं पाहिलं होतं.

आता आपल्या नेहमीच्या वापरातल्या औषधांकडे येऊ. मॅन्कोझेब ही गेली साठ वर्षं जगभर वापरली जाणारी पावडर आहे. एकदम विषबाधा होण्याचा धोका तिच्यात कमी, म्हणून तिला हिरवा रंग. परंतु तिच्यामुळे कातडीला वावडं येऊ शकतं. ती विघटन पावली की इथिलीन थायोयुरिया नावाचं द्रव्य तयार होतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते थायरॉईड ग्रंथीच्या कामात बिघाड करतं. ओल आणि उष्णता लागली की हे विघटन वाढतं. म्हणजे पावसाळ्यात गळक्या पडवीत उघडा ठेवलेला पुडा हा पैशाचा तोटा आहेच, शिवाय आणखीही काही आहे. युरोपीय संघाच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ साली मॅन्कोझेबला प्रजननाला घातक अशा गटात टाकलं आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथे त्याची मान्यता संपवण्यात आली. कार्बेन्डाझिम हे दुसरं ओळखीचं नाव. त्याचाही एकदम होणारा विषारीपणा कमीच. पण युरोपच्या वर्गवारीत आनुवंशिक दोष, प्रजननशक्ती आणि गर्भ या तिन्ही बाबतींत त्याच्यावर धोक्याची नोंद आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली जगासाठी एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात लाल किनारीच्या चौकोनात चित्रं असतात. त्यांतल्या एका चित्रात माणसाच्या छातीवर चांदणीसारखी फुटलेली खूण आहे. तिचा अर्थ, हे द्रव्य आतून, सावकाश, दीर्घकाळ इजा करू शकतं. आपल्या पुड्यावरच्या त्रिकोणात अशी काही खूण नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं बारा औषधांवर बंदी आणली. त्यांत बेनोमिल, फेनारिमोल, ट्रायडेमॉर्फ ही बुरशीनाशकं होती. उसाच्या बेण्याला ज्या पाऱ्याच्या औषधात बुडवून काढत, तेही होतं. २०२० च्या मे महिन्यात आणखी सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा निघाला. त्यात मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम दोन्ही होती. २०२३ साली प्रत्यक्ष बंदी आली ती तिघांवर, आणि त्यांतलं डिनोकॅप हे भुरीवरचं जुनं औषध.

याचा अर्थ उद्यापासून बुरशीनाशक मारूच नका, असं मी म्हणत नाही. फळकुजीनं हातचं पीक गेलं तर कर्ज फेडायला कोणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणतो की, हिरव्या त्रिकोणाच्या औषधालाही हातमोजे लागतात.

इथे एक साधा हिशेब सांगतो. मॅन्कोझेबच्या पावडरीत ७५ टक्के औषध असतं. दहा लिटर पाण्याला २५ ग्रॅम पावडर घातली तर पंपातल्या पाण्यात औषधाचं प्रमाण एक टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडं कमी येतं. म्हणजे पुड्यातली पावडर पंपातल्या पाण्यापेक्षा सुमारे चारशे पट तेज असते. आपण काळजी करतो ती पंप पाठीवर घेणाऱ्याची. ती करायलाच हवी. पण सर्वांत तेज औषध ज्याच्या हाताला लागतं आणि ज्याच्या नाकात उडतं, तो माणूस बांधावर बसून कालवणारा असतो. आणि हे काम पुष्कळदा घरातल्या बाईकडे किंवा शाळकरी पोराकडे येतं, कारण ते 'हलकं' काम!

म्हणून कालवण्यापासून सुरुवात करा. पुडा दातानं फाडू नका, कात्रीनं कापा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. रबरी हातमोजे घाला, नाकातोंडाला मास्क लावा, डोळ्यांना चष्मा लावा. आधी बादलीत थोड्या पाण्यात पावडर काठीनं कालवून घ्या, मग ते ड्रममध्ये ओता. म्हणजे पावडर उडत नाही. माप ठरवून ठेवा; अंदाजानं मूठ टाकू नका. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि मुलांना या कामाला लावू नका.

फवारताना अंगभर कपडे हवेत. दुपारच्या उन्हात ते सहन होत नाहीत, हेही खरं. म्हणून सकाळी लवकर फवारा. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. तंबाखू मळायची, बिडी ओढायची, भाकरी खायची, तर आधी साबणानं हात धुवा. हाताचं औषध तोंडात जाण्याचा आपल्याकडचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे तंबाखू. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका; ते वेगळे धुवा आणि धुतानाही मोजे घाला. पंप नदी-नाल्यात धुऊ नका. मॅन्कोझेब माशांना आणि पाण्यातल्या जीवांना फार विषारी आहे. गोमाई काय किंवा तापी काय, त्या पाण्याला हिरवा त्रिकोण माहीत नसतो. रिकामे डबे तीन वेळा विसळा, ते पाणी पंपातच ओता. मग डबे फोडून वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर पुरा. त्यात तेल-मीठ भरू नका.

आता एक फसवी गोष्ट. मिरचीवर बुरशीही असते आणि फुलकिडेही असतात. मग मजुरी वाचवायला दोन-तीन औषधं एकाच टाकीत पडतात. त्या क्षणी हिरव्या त्रिकोणाचा अर्थ संपला! त्या टाकीत जे सर्वांत विषारी असेल, त्याचा रंग त्या टाकीचा रंग समजायचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. ती प्रामुख्यानं कीटकनाशकं होती. पण डोक्याएवढं वाढलेलं पीक, अंगावर साधा सदरा आणि टाकीत अनेक औषधांचं मिश्रण, ही सगळी परिस्थिती आपल्या शेतातही असतेच.

दुसरी गोष्ट बियाण्याची. रंग लावलेलं बियाणं म्हणजे औषध लावलेलं बियाणं. पेरून उरलं तर ते दळायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं नाही. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेला गहू लोकांनी भाकरीसाठी वापरला. पोत्यांवरचे इशारे स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत होते. लोकांनी गहू धुतला, तांबडा रंग निघून गेला आणि विषही गेलं असं त्यांना वाटलं. आजार दिसायला काही आठवडे लागले. ६,५३० माणसं रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, त्या घरी मराठी-इंग्रजीतलं बारीक अक्षर कितीसं पोहोचतं? तेव्हा घरातल्या शिकल्यासवरल्या पोरानं पुडा आईबापांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. याच्याइतकं सोपं आणि उपयोगी काम दुसरं नाही. आणखी एक. थायरम लावलेलं बियाणं हाताळल्यावर त्या दिवशी दारूला शिवू नये. थायरम हे दारू सोडवण्यासाठी देतात त्या औषधाचं चुलत भावंड आहे. तोंड लाल होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात.

आणि एवढं करूनही काही झालंच तर? डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळे धुवा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणानं आंघोळ घाला. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा, आणि जाताना तो पुडा किंवा डबा बरोबर न्या. हे फार महत्त्वाचं आहे. फवारणीची विषबाधा म्हटलं की अॅट्रोपिन आठवतं, पण ते ठरावीक गटाच्या कीटकनाशकांवरचं औषध आहे. मॅन्कोझेबवर असा खास उतारा नाही. लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. कोणतं औषध होतं ते डॉक्टरांना कळलं नाही तर त्यांचा वेळ जातो आणि तो वेळ रोग्याचा असतो.

त्या बाईंकडे मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. मालकाशी बोललो, कालवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. महिना-दीड महिन्यात हात बरे झाले. पुढे त्यांचं बाळंतपण सुखरूप झालं, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. ते कळेपर्यंत मला स्वस्थता नव्हती, एवढं आज कबूल करतो.

मग त्याच पारावर पुन्हा सभा घेतली. मी म्हणालो, "मागे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. लाल त्रिकोण म्हणजे जीव लवकर जातो. हिरवा म्हणजे लवकर जात नाही. हात दोन्हींत घालायचा नाही." एक म्हातारेबुवा म्हणाले, "मग आधीच असं सांगायचं ना, भाऊसाहेब." त्यांचं बरोबर होतं. ते आधी सांगायचं राहून गेलं, म्हणून आज तुमच्या सर्वांपुढे सांगतो आहे.